आठ नंबरचा सैनिक

शनिवार, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. स्थळ: येरवड्याच्या पुढे, बंद पडलेल्या एका कारखान्याची शेड. हजर: कोथरूडच्या आमच्या सोसायटीतले आठ पुरुष, त्यात आमचे हे आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक, सहायक दिग्दर्शक असलेली एक मुलगी, चित्रीकरणाची बरीच माणसं, आणि मी. गैरहजर: शत्रू. तो नंतर कॉम्प्युटरवर काढणार होते.

सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी एक नाटक होतं. त्याची हजेरी, कपडे, चहा आणि औषधाची पेटी माझ्याकडे असते. ही सहायक दिग्दर्शक मुलगी आमच्या शेजारणीची भाची. तिने आमचं गेल्या वर्षीचं नाटक पाहिलं होतं आणि तिला हवी तशी माणसं त्यात सापडली होती, म्हणजे पन्नाशीच्या पुढची, दमलेली दिसणारी. तिच्या सिनेमात यंत्रं पुण्यावर चालून येतात. खरं सैन्य आधीच संपलेलं असतं. मग राखीव दलातले जुने लोक पुन्हा गणवेश चढवून उभे राहतात. नायक-नायिका निसटेपर्यंत त्यांनी यंत्रांना अडवायचं आणि एकेक करून मरायचं. आठ जणांचं एवढंच काम.

"म्हणजे नाटकातल्यासारखंच," शिक्षक म्हणाले. आमच्या सोसायटीत त्यांना सगळे सरच म्हणतात. "फक्त इथे पडदा पडेपर्यंत थांबायची गरज नाही."

ह्यांना मधुमेह आहे. इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ. सकाळचं टोचून झालं की खाणं वेळेवर झालंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. म्हणून मी त्या मुलीला आधीच सांगितलं होतं की ह्यांना घ्यायचं असेल तर सगळ्यात आधी मारा. तिने लगेच कबूल केलं. एक नंबरचा सैनिक शेडच्या दारातच पडणार होता. कॅमेरा पुढे सरकला की तो चौकटीबाहेर जातो, मग त्याने उठून सरळ जेवणाच्या मांडवात यायचं. बाकीच्यांनी आत जिथे पडले तिथेच पडून राहायचं. मेलेल्याने 'कट' ऐकू येईपर्यंत हलायचं नाही, हा नियम मुलीने तीनदा सांगितला. मरायचा क्रम छातीवरच्या आकड्याप्रमाणे होता. आठ नंबर शेवटचा. त्याने खांबापर्यंत धावायचं, हेल्मेटची काच वर करायची आणि म्हणायचं, "पुढे व्हा. मी थांबतो." आठ जणांत तोंड दिसणार होतं ते फक्त त्याचं. आठ नंबर सरांना मिळाला होता.

चिलखतं फोमची होती, वर करडा रंग. हेल्मेट मात्र खरी, दुचाकीची, वर प्लास्टिकचे तुकडे चिकटवून काचा काळ्या केलेल्या. हेल्मेटसक्तीविरुद्ध वर्तमानपत्रांना पत्रं लिहिलेली आमची माणसं ती न कुरकुरता घालून उन्हात रांगेत उभी राहिली. काच खाली केल्यावर कोण कुठला ते कळेना. ठेंगणे आणि उंच एवढंच कळत होतं, आणि आमचे हे व सर एकाच चणीचे आहेत.

तालमीत एक माणूस लांब बांबूच्या टोकाला हिरवा चेंडू बांधून फिरत होता. तो चेंडू म्हणजे यंत्राचं डोकं.

"काका लोक, चेंडूकडे बघा आणि घाबरा," मुलगी म्हणाली.

"दहावी ड कडे बघितल्यासारखं बघू का?" सरांनी विचारलं.

"त्याहून जास्त घाबरायचंय, सर."

"मग जमणार नाही."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. शेडच्या आत जमिनीवर जागोजागी धुराचे डबे ठेवले होते, त्यांच्या तारा एका टेबलाकडे गेल्या होत्या, आणि टेबलामागचा माणूस सगळ्यांना सांगत होता की लाल पट्टीच्या पलीकडे पाय टाकू नका, भाजेल. मी ह्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, तुम्ही दारातच पडणार ना? आत जायचं नाही."

"अगं, किती वेळा सांगशील? दारात पडतो, जेवायला येतो."

माझ्याकडे न बघता बोलले. ते तसंच बोलतात, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

दिव्यांची काहीतरी अडचण निघाली आणि शॉटला उशीर होत गेला. मी दोनदा बिस्किटं नेऊन दिली. शेवटी शिट्टी वाजली, काचा खाली गेल्या, आठही जण शेडच्या मागच्या बाजूला गेले. मला आत थांबायला परवानगी नव्हती. मी मांडवात गेले आणि ताट वाढून घेतलं: दोन पोळ्या, दुधीची भाजी, वरण, भात थोडाच. त्यावर दुसरं ताट झाकण म्हणून ठेवलं.

आतून धडाम असा आवाज आला. मग ओरडणं, पळणाऱ्या बुटांचा आवाज, पुन्हा धडाम. पत्र्याच्या फटींतून पांढरा धूर बाहेर यायला लागला. खोटं आहे हे माहीत असून मी ताटावरचा हात काढला नाही. मांडवातल्या वाढप्याने पाण्याचा जग खाली ठेवला आणि तोही तिकडे बघत राहिला.

थोड्या वेळाने एक सैनिक हेल्मेट काखेत मारून मांडवाकडे चालत आला. छातीवर एकचा आकडा होता. मी ताटावरचं झाकण काढलं. मग माणूस जवळ आला आणि ते सर निघाले.

"सर, तुम्ही इथे कसे?"

"मेलो ना सुरुवातीलाच." ते खुर्चीवर टेकले आणि गुडघा चोळायला लागले. "मस्त पडलो, वहिनी. थेट दारात."

"तुम्ही आठ नंबर आहात."

सरांनी चोळणं थांबवलं. "ते आम्ही बदललं. शेडच्या मागे गेल्यावर. छातीच्या पट्ट्या फक्त अदलाबदल केल्या. माझ्याच्याने त्या खांबापर्यंत धाववत नव्हतं, आणि त्यांना ते वाक्य हवं होतं. गेली इतकी वर्षं नाटकात पहारेकरीच करतायत, म्हणाले एकदा तोंड दिसू दे." मग हळू आवाजात, "तुम्हाला सांगणार होते ते."

"त्यांनी काय खाल्लंय?"

सरांचा हात खिशाकडे गेला. बिस्किटांचे दोन्ही पुडे त्यांच्या खिशातून वर आलेले दिसत होते. ह्यांनी ते न खाता त्यांच्याकडे देऊन टाकले होते.

मी पर्स उचलली आणि निघाले. पळाले असं म्हणणार नाही, पण चप्पल एका ठिकाणी निघाली ती तशीच राहिली. शेडच्या दारात लाल झेंडा घेतलेला एक रखवालदार होता.

"मॅडम, रोल चालू है. अंदर नहीं."

"माझा माणूस आत आहे."

"सबका आदमी अंदर है. कट होने दो."

त्याच्या कमरेच्या वॉकीटॉकीतून दिग्दर्शकाचा आवाज येत होता. "सुंदर. सुंदर. कोणी हलू नका. चालू ठेवा, धूर बसू दे." त्या 'सुंदर'चा मला तेव्हा अर्थ लागला नाही. मी त्या माणसाच्या हाताखालून आत शिरले.

आत काही दिसत नव्हतं. धूर गुडघ्यापर्यंत होता आणि वर छताच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या खाली आल्या होत्या. जमिनीवर करडी माणसं पडली होती. तारा कुठे आहेत, लाल पट्टी कुठे आहे, कुठले डबे उडून झालेत आणि कुठले बाकी आहेत, हे मला माहीत नव्हतं. मी पाय घासत घासत पुढे गेले. कोणीतरी "ए, कोण आहे ती" असं ओरडलं. मी पहिल्या माणसापाशी वाकले आणि काच वर केली. बी विंगमधले. त्यांनी एक डोळा उघडला आणि ओठ न हलवता म्हणाले, "वहिनी, शॉट चालू आहे."

"हे कुठे आहेत?"

"मला काय माहीत, मी मेलोय."

दुसऱ्याची काच वर केली. तेही नव्हेत. तेवढ्यात एक डबा माझ्या उजव्या अंगाला फुटला. आग नव्हती, नुसता आवाज आणि धूर, पण माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली आणि नंतर काही वेळ मला दुसरं काही ऐकू आलं नाही. 'कट' म्हणाले असतील तर तेव्हाच. मी खांब शोधत होते. शेवटचा माणूस खांबापाशी पडणार हे मला पाठ होतं.

ते खांबाच्या अलीकडे होते. कुशीवर. काच आधीच वर होती. डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या मागे कुठेतरी बघत होते. तोंड घामाने निथळत होतं आणि हाताला बर्फासारखं लागत होतं. मी "अहो" म्हटलं. पुन्हा म्हटलं. त्यांचे ओठ हलले, पण शब्द नव्हते. मी हेल्मेटचा बंद सोडवायला गेले तर तो सुटेना, बोटं घसरत होती. मग कोणाचे तरी हात आले, त्या मुलीचे. तिने तो सोडवला आणि मागे वळून इतक्या जोरात काहीतरी ओरडली की सगळे मेलेले उठून बसले.

माझ्या पर्समध्ये साखर तपासायचं यंत्र असतं. बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. आकडा आला नाही, नुसतं 'लो' आलं. शुद्ध नसताना पाणी पाजायचं नाही हे मला माहीत होतं, म्हणून ग्लुकोजची पूड बोटाने हिरडीला चोळली. दात एकमेकांवर घट्ट बसले होते. मी चोळत राहिले. करड्या चिलखतातले सहा जण भोवती गोल करून उभे होते, हेल्मेट काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि त्या काळ्या काचांमध्ये मला फक्त मीच दिसत होते. त्या क्षणी मला वाटलं की हे गेले. तसं नीट, वाक्य म्हणून वाटलं. आता आमच्या लेकीला फोन करायचा, मग दिराला, असंही वाटलं.

सिनेमावाल्यांची रुग्णवाहिका शेडमागेच होती. तिच्यातल्या डॉक्टरने शिरेतून ग्लुकोज दिलं. आधी बोटं हलली. मग ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्पष्ट विचारलं, "तुझी चप्पल कुठे आहे?"

 मी यंत्र आणि ग्लुकोजची पूड पर्समध्ये भरली.

रुग्णालयात एक रात्र ठेवून घरी सोडलं. सर दोन दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. मग आले, दारातच उभे राहिले. ह्यांनीच त्यांना आत बोलावलं. "या, एक नंबर," म्हणाले. दोघं चहा पीत सिनेमाविषयी बोलत बसले. मी आत होते. तेव्हापासून हे अंघोळीला गेले आणि पाण्याचा आवाज थांबला की मी दार वाजवते. "जिवंत आहे," आतून उत्तर येतं. कधी कधी मुद्दाम उशिरा देतात. तो विनोद मी बंद करायला सांगितला आहे.

मार्चमध्ये त्या मुलीचा फोन आला. आधी तिने तब्येतीची चौकशी केली, मग बराच वेळ आढेवेढे घेतले. दिग्दर्शकांना तो शॉट ठेवायचा होता. काका खांबाकडे धावत आले, काच वर केली, वाक्य न बोलता कॅमेऱ्याकडे बघितलं आणि पडले. मॉनिटरसमोरच्या सगळ्यांना तो अभिनय वाटला होता. 'सुंदर' होतं ते हे.

"तुम्ही आत आल्यावरचं काढून टाकू," ती म्हणाली. "फक्त ते पडतात तिथपर्यंत. काकांनी होकार दिलाय. पण ते म्हणाले, तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

मी फोन ठेवला आणि ह्यांना विचारलं. हे गॅलरीत सुकलेले कपडे काढत होते.

"हो, दिला होकार," म्हणाले. "अगं, तेवढंच तोंड दिसतंय माझं."

"तुम्हाला काय होतंय ते तुम्हाला कळत होतं का?"

"काच वर केली इथपर्यंत आठवतं."

"आधी काही वाटलं नाही? हात थरथरणं, घाम?"

"सगळ्यांनाच घाम येत होता." त्यांनी एका टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "थोडं वाटलं असेल. म्हटलं, वाक्य होऊ दे."

 मी उरलेले कपडे काढले.

मुलीने ती क्लिप माझ्या फोनवर पाठवली आहे, कोणाला पुढे पाठवू नका असं लिहून. हे म्हणतात, बघ आणि ठरव. त्यांनी स्वतः माझा फोन सरांच्या घरी नेऊन ती बघितली आणि त्यात काय दिसलं हे न सांगता फोन परत दिला. खांबाच्या अलीकडे ते ज्या दिशेला बघत होते ती मांडवाची दिशा होती की नुसतीच भिंत, हे त्या क्लिपमध्ये कळेल. त्यांना स्वतःला आठवत नाही आणि बाकीचे सगळे मरून पडले होते, त्यामुळे सांगायला दुसरं कोणी नाही. फोन हातात घेते, ते छोटं गोठलेलं चित्र दिसतं, धूर आणि एक करडा खांदा, आणि मी दुसरं काहीतरी काम काढते.

मुलीने सोमवारपर्यंत कळवायला सांगितलं होतं. तो सोमवार होऊन गेला, तिने आणखी एकदा विचारून झालं. क्लिप बघायची आहे, तिला उत्तर द्यायचं आहे.