आखूड पाय

त्या देशाचं नाव सांगितलं की गल्लीतले लोक विचारायचे, "देश आहे का औषधाची गोळी?" नकाशात बोट ठेवलं तर बोटाखाली झाकला जाईल एवढासा मुलूख. तिथली लढाई संपली, पण जमिनीत पुरलेले सुरुंग कोणी उचलले नाहीत. म्हणून तिथे पायांची टंचाई, आणि आमचा सुतार तिथे पाय बनवायला गेला.

हौसेने नव्हे हो! घरात तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. स्कूटर तोच चालवत होता, पुढच्या ट्रकला मागे टाकायची खुमखुमी त्याचीच, आणि अपघातात पाय गेला मागे बसलेल्या त्याच्या दहावीतल्या पोराचा. सुताराला साधं खरचटलंसुद्धा नाही. हे त्याला आजवर पचलेलं नाही, आणि पचू नयेच. पोराने बापाशी अबोला धरला. सुताराने देवाला हात जोडणं सोडलं. दोघांमध्ये निरोप पोचवता पोचवता बायको झिजली.

तिकडच्या कारखान्यात तुटलेल्या पायाच्या उरलेल्या खुंटावर प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळून साचा काढायचा, कानसेने घासायचा आणि त्यावर नवा पाय घडवायचा. काम हाताला जमलं. पण एक रीत झेपेना: नवा पाय लावला की बनवणाऱ्याने माणसाचे हात सोडून समोर उभं राहायचं. पहिली उभी राहिली ती एक म्हातारी, दोन्ही मुलगे लढाईत गमावलेली. तिने त्याच्याकडे पाहिलं, तिच्या देवाचं नाव घेतलं आणि सगळा भार नव्या पायावर टाकला. सुतार मनात म्हणाला, अगं बये, कुणावर भरवसा ठेवतेस! पण पाय टिकला. म्हातारी चालली. त्या दिवशी खोलीवर जाऊन तो ढसाढसा रडला, आणि अपघातानंतर पहिल्यांदाच त्याचे हात जोडले गेले. कुणापुढे, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग त्याने ठरवलं, पोराला पाय करायचा. फोनवर बायकोला म्हणाला, "माप पाठव."

"कुबड्यांवर दिवस काढतोय. मला हात लावू देत नाही, अन् तुम्हाला माप देईल होय?"

तरी याने पाय केलाच, आठवणीतून. पोरगा आपल्या कानाला लागायचा, त्या उंचीचा. फोनवर कधीमधी दिसायचा तो नुसता चेहरा. लोकांच्या लाकडाला दोनदा माप लावणारा माणूस, आणि पोटच्या पोराच्या बाबतीत अंदाजपंचे! पाय कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आणि बायकोला तेवढं फोनवर सांगितलं.

पुढे बायको गेली. विमान मिळेपर्यंत सगळं उरकतील, आता जाऊन काय, असं म्हणत हा भित्रा गेलाच नाही. पोरगाच आला. बापाकडून पाय लावून घेशील, असा आईने जाताना शब्द घेतला होता म्हणून.

कारखान्याच्या दारात कुबड्यांवर उभा राहिला तो बापापेक्षा उंच. सुतार बघतच राहिला. कपाट उघडायची हिंमत होईना.

"कुठाय माझा पाय? आईने सांगितलंय मला."

सुताराने कपाट उघडून कापड सोडलं. पोराने तो आपल्या चांगल्या पायाशेजारी धरला. चार बोटं आखूड.

"हा दहावीतल्या पोराचा आहे, बाबा. ते पोरगं त्या रस्त्यावरच मेलं. आणि आईला पोचवायलाही तुम्ही आला नाहीत."

ती पहिली म्हातारी आपल्या पायाचा पट्टा घट्ट करून घ्यायला तिथेच बसली होती. तिला यातलं अक्षर कळलं नव्हतं. पण ती उठली, आपलं स्टूल पोराच्या मागे सरकवलं, झगा जरा वर धरला आणि कशाचाही आधार न घेता त्याच्यासमोर उभी राहिली.

पोरगा तिच्या पायाकडे बराच वेळ बघत होता. मग स्टुलावर बसला आणि रिकामी पँट वर दुमडायला लागला.

"आईला शब्द दिलाय म्हणून," तो म्हणाला. "तुम्हाला माफ केलेलं नाही मी."

"नको करूस," सुतार म्हणाला. "माप तेवढं दे."