फटी बुजवणारे भाऊ

भाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नसत. खिडकीपाशी जात, उपडा हात चौकटीच्या कडेने हळूहळू वर नेत आणि मध्येच थांबून म्हणत, "इथनं वारा येतोय बघा." मग बसत. चहा पितानाही त्यांची नजर त्या जागेवरून हलत नसे. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. घरातली माणसे त्याला नंतर दिसतात, आधी घराचे दुखणे दिसते. आम्ही बायका त्यांच्यामागे हसायचो.

बेगमपुऱ्यातल्या त्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही शेजारी शेजारी भाडेकरू होतो. निजामाच्या एका अंमलदाराने ते बांधले होते. पोलीस ॲक्शननंतर ते कुटुंब निघून गेले, आत भिंती घालून खोल्या भाड्याने दिल्या गेल्या. खिडक्या मात्र अंमलदाराच्याच राहिल्या, पुरुषभर उंच आणि दुहेरी झडपांच्या. लाकूड वाळून आकसले होते, तावदाने सैल झाली होती. हिवाळ्यात डोंगराकडून वारा सुटला की ती खडखडत, आणि सकाळी पांघरुणावर धुळीचा थर दिसे.

भाऊ कचेरीत कागदांच्या नकला उतरवत. उर्दूत शिकलेले, मग कारभार मराठीत आला तेव्हा ऐन उमेदीत पुन्हा अक्षरे गिरवलेले. त्यांच्या बोलण्यातली उर्दू काही गेली नाही. "बंदोबस्त करतो, बेफिकीर राहा," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. ते सगळ्यांत जास्त वेळा ऐकले ते त्यांच्या बायकोने, अक्काने. तिला दमा होता. मूलबाळ नव्हते. भाऊंच्या मते दम्याचे कारण एकच, खिडक्या.

दिवाळी सरली की ते रजा काढत. जवसाच्या तेलात खडूची पूड मळून लांबी करत आणि अंगठ्याने तावदानांच्या कडांत दाबत बसत. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून, खळ लावून, त्या झडपांच्या फटींवर चिकटवत. खालच्या फटीत गोणपाटाची वळकटी ठोकत. दर वर्षी एखादी खिडकी कायमची बंद होई. शेवटी गल्लीकडची एकच उरली. तीही एका हिवाळ्यात गेली.

"माझं लोणचं घातलंय यांनी," अक्का मला म्हणाली. "बरणीचं तोंड बांधलं, आता मुरायचं तेवढं राहिलं."

मी शिकवायचे ती शाळा सकाळची. दुपारी मी तिच्याकडे जाऊन बसे. खोलीत अंधुक उजेड, तेलाचा उग्र वास, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली अक्का. बाहेरचा आवाजही आत येत नसे. मी टेकले की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "पोरी, आज गल्लीत काय आलं होतं?"

मी सांगे. बांगड्यांवाली आली होती. कल्हईवाला बसला होता. समोरच्यांनी शेळी घेतली.

"कोणत्या रंगाची?"

काळी, असे सांगितले की ती डोळे मिटून घेई, जणू शेळी नीट बघून घेत होती.

एका हिवाळ्यात तिचे दुखणे फार वाढले. डॉक्टर येऊन गेले, फुप्फुसे थकलीत एवढेच म्हणाले. भाऊ त्यांना सोडायला बाहेर गेले आणि परत येताना लांबीचा गोळा घेऊनच आले. दाराची चौकट राहिली होती.

अक्काला एका दमात बोलता येत नव्हते. मी पाठीला हात लावून बसले होते. ती म्हणाली, "अहो, खिडकी उघडा."

"धूळ येईल."

"येऊ द्या की. किती दिवस मी तुमचं ऐकलं. आता माझं ऐका."

भाऊ बराच वेळ गोळा हातात फिरवत उभे राहिले. मग शेजारून पटाशी मागून आणली.

लांबी दगडासारखी झाली होती. ज्या अंगठ्याने ती दाबली होती त्याच अंगठ्यावर पटाशी निसटून रक्त आले, तरी ते थांबले नाहीत. एक तावदान फुटले. दुपार कलायला आली तेव्हा झडप करकरत उघडली आणि सगळा चुरा, सगळी धूळ अक्काच्या अंगावर आली. ती खोकली. इतकी खोकली की भाऊंनी झडप लोटायला हात घातला. तिने खोकतच तो हात धरला.

उबळ ओसरल्यावर ती खिडकीला टेकून बसली. खाली पेरूवाला चालला होता.

"दौलताबादचे का रे?" तिने विचारले. आवाज खालपर्यंत पोचला नाही. मग भाऊंनी तोच प्रश्न मोठ्याने विचारला.

होळीच्या आधी अक्का गेली.

ती खिडकी भाऊंनी पुन्हा लावली नाही. पावसाळ्यात गादी भिजली, घरमालक बोलून गेला, तरी नाही. माझ्या नवऱ्याने आमच्या तावदानांना लांबी लावून द्याल का, असे विचारले, तर म्हणाले, "मला आता येत नाय ते." पेन्शन झाल्यावर कन्नडला पुतण्याकडे राहायला गेले.

एकदा मी लग्नाला कन्नडला गेले होते, तेव्हा मुद्दाम त्यांच्याकडे गेले. भाऊ रस्त्यालगतच्या ओट्यावर बसले होते. एसटी गेली की धुरळा उडे आणि त्यांच्या टोपीवर, हातातल्या बशीत बसे. ते बशी झाकत नव्हते.

इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर ते हळूच म्हणाले, "बाई, मी कचेरीत असायचो. दुपारच्याला ती तुमच्यासंगं काय बोलायची?"

मी शेळीचे सांगितले. लोणच्याचे सांगितले, तेव्हा ते जरासे हसले.

"अजून?"

मी आठवून आठवून सांगत गेले. आठवणी सरल्या, तरी ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग मी जे घडले नव्हते तेही सांगितले. अक्का तुमची वाट बघायची, तुमच्या पावलांचा आवाज तिला भिंतीआडूनही कळायचा, असे काहीबाही. त्यांनी मान खाली घालून सगळे ऐकले.

माझी गाडी लागली. ते रस्त्यापर्यंत आले. "राह्यलेलं पुढच्या खेपेला सांगा," म्हणाले.

मी बरं म्हटले. पुढची खेप झाली नाही. पोळ्याच्या सुमाराला त्यांचा पुतण्या आमच्या घरी येऊन भाऊ गेल्याचे सांगून गेला.