मिरचीचा ठसका आणि बाथरूमचा झरोका

परवा एका मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटची पार्टी होती, इथे पुण्यात. सगळ्या जणी किचन बघत होत्या, बाल्कनीत सेल्फी काढत होत्या, आणि मी? मी बाथरूममध्ये मान वर करून उभी! कुणीतरी विचारलं, काय शोधतेयस? म्हटलं, हवा कुठून येते ते बघतेय. सगळ्या हसल्या. हसू देत. नंदुरबारला आमचं गॅस गिझरचं दुकान होतं, त्याची ही सवय. दुकान बंद होऊन आता बरेच दिवस झाले, माल केव्हाच विकला गेला. किस्से मात्र कुणी नेले नाहीत, ते सगळे माझ्याकडेच पडून आहेत. मग काय, त्या दिवशी केक बाजूला राहिला आणि मी सुरू झाले.

दुकानात माणसं तीन. पप्पा, म्हणजे मालक. मुनाफचाचा, म्हणजे फिटर. आणि कॉलेज संपल्यावर काउंटरवर बसलेली मी. बायकांच्या घरात, थेट बाथरूमपर्यंत, मला बिनधास्त जाता यायचं, म्हणून प्रत्येक फिटिंगला माझी वरात!

*

सुरुवात अशोककाकांपासून. पप्पांचे जिवलग मित्र. अंघोळ करताना इतक्या मोठ्याने गायचे की अख्ख्या गल्लीला कळायचं, काका आता साबणापर्यंत आले.

एका थंडीच्या सकाळी गाणं मध्येच थांबलं. काकू चहा गाळत होत्या. पाणी चालू, गाणं बंद. त्यांनी हाक मारली, उत्तर नाही. शेजाऱ्यांनी दार तोडलं. काका भिंतीला टेकून बसलेले, झोपल्यासारखे. अंगणात आणून निजवलं, मोकळी हवा लागली, थोड्या वेळाने डोळे उघडले. नशीब!

गॅसचा वास नव्हता, धूर नव्हता, काहीच नव्हतं. तीच तर भीती. बंद बाथरूममध्ये गिझर जळतो तेव्हा तिथली हवा संपवतो आणि जो वायू सोडतो त्याला ना रंग ना वास. माणसाला कळतच नाही आपण चाललोय ते.

त्या दिवसापासून पप्पांचा नियम. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या जागेत. अगदीच जमत नसेल तर भिंतीला दोन झरोके, एक जमिनीजवळ, एक छताजवळ. खालून हवा येणार, वरून जाणार. जाळी चालेल, काच चालणार नाही. गिऱ्हाईक तयार नसेल तर गिझर नाही, मग तो कुणीही असो.

आणि घरात दुसरा नियम, अंघोळ करताना गाणं कंपल्सरी! मला गाणी यायची नाहीत, म्हणून मी पाढे म्हणायचे. एकोणीसच्या पाढ्यात चुकले की बाहेरून पप्पांचा आवाज यायचा, ‘परत म्हण.’

*

गिझर बाहेर लावायचा म्हटलं की लोकांना वाटायचं आपण काहीतरी कमी पैशातलं घेतोय. तळोद्याचे एक गिऱ्हाईक तर फार हिरमुसले. म्हणाले, पाहुणे अंघोळीला जातील तेव्हा त्यांना गिझर दिसायला नको का?

पप्पांनी समजावलं, मागच्या अंगणाची भिंत दाखवली, भोकं कुठे पाडायची ते सांगितलं. आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो तर त्यांनी आपल्याच प्लंबरकडून पाइप टाकून ठेवलेला. मागे नाही, पुढे! दर्शनी दाराशेजारी, बेलच्या बटणाखाली, गणपतीच्या टाइलला लागून. गिझर तिथे आणि बाथरूम घराच्या पार दुसऱ्या टोकाला.

मुनाफचाचा म्हणाले, एवढ्या लांब जाईपर्यंत पाणी गार होईल हो.

ते म्हणाले, ‘होऊ द्या. पानी थंडं येस, पन समदा गावले मालूम शे, आमनाकडे गिझर शे.’

*

तोरणमाळच्या एका लॉजवाल्याने तक्रार केली की गिझरची ज्योत पिवळी जळतेय. पिवळी म्हणजे हवा कमी पडतेय. वर घाटात मला नेहमीसारखी उलटी झाली, ते जाऊ दे.

लॉजचा झरोका मुनाफचाचांनीच ठेवला होता, चांगला मोठा. आता तिथे सरकती काच. काचेच्या मागे पेपर. पेपरच्या मागे गोधडी. चाचा एकेक बाहेर काढत होते आणि मालक शेजारी उभा राहून सांगत होता, चाचा, तुम्हाला इथली थंडी माहीत नाही. सगळी थंडी याच भोकातून येते.

चाचांनी गोधडीची घडी घातली, त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘शेठ, थंडी इथूनच येते. जीव पण इथूनच येतो.’

मग त्यांनी काच चौकटीतून काढली आणि थेट गाडीत ठेवली. मालक म्हणाला, अहो काच तरी राहू द्या. चाचांचं म्हणणं, राहिली की लागते. अख्खा घाट उतरेपर्यंत ती काच मांडीवर घेऊन बसले होते, जणू घरी पाहुणी चाललीय!

अशा काचा ते सगळीकडून आणायचे. दुकानामागे ढीग झाला. पप्पांनी शेवटी त्यांचं शोकेस बनवून घेतलं. पण बाथरूमच्या काचा त्या, धुरकट! आमच्या शोकेसमधला एकही माल कुणाला नीट दिसायचा नाही. लोक काचेला नाक लावून विचारायचे, ‘आत काय आहे?’

*

आता आमच्याकडे थंडी आणि मिरची एकाच वेळी येतात. लाल मिरच्या वाळवायच्या पथाऱ्या पडतात, गल्लीगल्लीत गच्च्या लाल होतात, आणि वाऱ्याने दिशा बदलली की सगळं नंदुरबार शिंकतं. आई शप्पथ, मला पुण्यात सगळ्यात जास्त त्या वासाची आठवण येते.

एकदा फोन आला, घाबरलेला. बाथरूममध्ये जो जातो तो खोकत बाहेर येतो, तुमचा गिझर गॅस सोडतोय! पप्पांनी हातातला चहा तसाच ठेवला. स्कूटरवर पप्पा, मागे चाचा, त्यामागे माझी स्कूटी. पप्पा आत शिरले. खो खो. चाचा शिरले. खो खो. मी दारातूनच!

चाचांनी झरोक्यातून बाहेर डोकावून पाहिलं. शेजाऱ्यांच्या पत्र्यावर मिरच्या वाळत घातलेल्या, बरोब्बर झरोक्यासमोर.

घरातले सगळे काळजीत उभे. पप्पा मात्र डोळे पुसत बाहेर आले ते हसतच. म्हणाले, ‘ठसका लागला ना? मग हवा येतेय. पास.’

*

आता धानोऱ्याच्या मामीचा किस्सा. हाच तर खरा.

मामाने गिझर घेतला तेव्हा पप्पांची पंचाईत झाली. बाहेर लावावा तर बाथरूमच्या भिंतीला लागून चाऱ्याची गंजी, तिथे ज्योत कशी ठेवणार? आणि मेहुण्याला नाही कसं म्हणणार? शेवटी गिझर आत बसवला, वर-खाली दोन मोठे झरोके पाडून. पण घरचा म्हणून पप्पांना तो गिझर जास्तच टोचत राहायचा. मामाचा फोन आला की पहिला प्रश्न, झरोके उघडे आहेत ना?

फिटिंग झालं की मुनाफचाचा अगरबत्ती लावून बघायचे. धूर वरच्या जाळीकडे ओढला गेला तर हवा फिरतेय, आतच घुटमळला तर नाही. धानोऱ्यालाही त्यांनी लावली. मामी दारातून बघत होती. बघता बघता पदर डोक्यावर घेतला, आत गेली आणि हळदीकुंकू, नारळ घेऊन आली!

चाचा गडबडले. म्हणाले, ‘ताई, तसं काही नही शे. फक्त धूर देखा. धूर वरनी जाळीकडे गया पाहिजे.’

मामीने मान डोलावली, गिझरला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पहिला तुकडा चाचांच्या हातावर ठेवला. चाचा तो तुकडा धरून उभे. खावा की ठेवावा! मी इतकी हसले की पप्पांनी डोळे वटारले.

त्यानंतर मामी रोज सकाळी गिझरला अगरबत्ती लावायची. धूर वर गेला की अंघोळी सुरू. आम्ही घरी तिची नक्कल करायचो.

मग राणीचं लग्न निघालं. मामीची एकुलती एक, माझ्याहून थोडीच मोठी. हळद लागली, अंगण पाहुण्यांनी भरलेलं, पप्पा आणि नवा कुर्ता घातलेले मुनाफचाचा मांडवात जेवणाची वाट बघत बसलेले. राणी पिवळीधमक होऊन अंघोळीला निघाली. नवरीची अंघोळ म्हणून मामीने नवी अगरबत्ती लावली.

आणि राणीचा हात धरून तिला मागे ओढलं.

आधी कुणाला काही कळेना. मामी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसली, दोन्ही बाजूंना हात लावून. मामा धावत आला, नवऱ्याकडची माणसं येऊन पोचतील, काय चाललंय हे? राणीची आत्या, म्हणजे माझी मावशी, चिडली. कुणीतरी म्हणालं, दोन मिनिटांची अंघोळ, जाऊ द्या ना पोरीला.

मामी हलली नाही. ‘देव आज धूर लेत नही,’ ती म्हणाली. ‘मन्ही पोर मझार जावाव नही.’

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. अगरबत्तीचा धूर गिझरजवळच लोंबत होता. वर जात नव्हता, कुठेच जात नव्हता.

मी मांडवाकडे धावले. पप्पांना नीट सांगितलंही नाही, नुसतं म्हटलं, धूर आतच आहे. पप्पा खुर्ची पाडून उठले. चाचा त्यांच्याही पुढे.

वरच्या झरोक्यात पोतं कोंबलेलं. मामानेच, थोड्या वेळापूर्वी. मागच्या अंगणात मिरची पसरलेली, पाहुण्यांना अंघोळीत ठसका लागत होता, त्यांची सोय म्हणून! खालच्या झरोक्यासमोर मांडववाल्यांनी जास्तीच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या, पार भिंतीला चिकटवून.

पप्पांनी पोतं ओढून काढलं. चाचांनी नव्या कुर्त्यात खुर्च्या भराभर बाजूला फेकल्या. मामा पोत्याकडे बघत तसाच उभा राहिला. अगरबत्ती अजून जळत होती. धूर हलला, वळला आणि सरळ जाळीतून बाहेर गेला.

पप्पांनी हातातलं पोतं खाली टाकलं. ते मामीसमोर खाली बसले आणि समजावू लागले, वहिनी, ते देवाचं नाही, हवेचं असतं, दोन्ही झरोके...

मुनाफचाचांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग मामीला म्हणाले, ‘ताई, नारळ शे का?’

नारळ आला. या वेळी चाचांनी स्वतः फोडला आणि आपला तुकडा लगेच खाल्ला. मामी उंबऱ्यावरून उठली. राणी आत गेली, कडी लागली, पाणी सुरू झालं. पप्पा दाराशीच उभे.

‘राणी, गाणं म्हण बेटा.’

आतून आवाज आला, पण गाण्याचा नाही. आधी एक शिंक, मग दुसरी, मग असा जोरदार ठसका की बाहेर मामीच दचकली.

पप्पा तिथल्याच एका खुर्चीवर मटकन बसले. डोळे पुसले आणि म्हणाले, ‘चल मुनाफ, आता जेवू.’