साहेबाला आराम सांगितलाय

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीला घरी तुरीच्या डाळीतले खडे निवडत बसले होते. फोन रहीमभाईंचा. जिंतूरला अण्णाच्या घराला लागून त्यांचं शिलाईचं दुकान आहे, मला ते बाजी म्हणतात, म्हणजे ताई. "बाजी, तुमी निघा," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "साहेबाला काही झालं का?" साहेब म्हणजे अण्णाचा कुत्रा. सख्खा भाऊ बसल्या खुर्चीत गेला होता आणि माझ्या तोंडून पहिलं नाव निघालं ते कुत्र्याचं. मग रहीमभाई म्हणाले, "साहेब बरा हाय बाजी. अण्णा." मी "बरं" म्हणाले. डाळ डब्यात भरली, झाकण लावलं आणि जिंतूरच्या एसटीत बसले. त्याला आता पाच आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, बाई धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. वीज मंडळात लाइनमन होता, उभी नोकरी या खांबापासून त्या खांबापर्यंत चालण्यात गेली. निवृत्त झाला तरी पायांना ते कोणी सांगितलं नसावं. पहाटे उठून बोरीच्या रस्त्याला लागायचा, मग बाजार, मग शेत, मग कुणाचा फ्यूज गेलाय म्हणून त्याच्या घरी. चहासुद्धा उभ्यानं. पंगतीत त्याला बसलेला कोणी पाहिला नाही, कायम वाढायला. वहिनी म्हणायच्या, "यांनी एकदा बूड टेकवलं तर मी गावात पेढे वाटीन." पेढे वाटायचे राहिले, वहिनी गेल्या. त्याच वर्षी त्यांचा मुलगा प्रवीण पुण्याहून एक जर्मन शेफर्डचं पिल्लू घेऊन आला. हौसेनं आणलेलं, पण फ्लॅटमध्ये मावेना आणि शेजारी भांडायला लागले. "बाबा, आठ दिवस सांभाळा," म्हणाला. ते आठ दिवस काही संपले नाहीत. प्रवीणनं नाव ब्रुनो ठेवलं होतं. अण्णानं पहिल्याच दिवशी बदललं. "जल्मभर मी साहेबाच्या मागं फिरलो, आता साहेब माझ्या मागं फिरायलाय," असं म्हणून स्वतःच खदखदून हसला. वहिनी गेल्यावर तो हसलेला मी तेव्हाच ऐकला.

आणि साहेब खरंच मागे फिरायचा. अण्णा उठला की उठायचा, संडासाच्या दारातसुद्धा जाऊन बसायचा. अण्णा त्याला दूध-भाकरी चुरून वर तुपाची धार सोडायचा, त्यामुळे वर्षभरात तो वासराएवढा झाला. मग गेल्या उन्हाळ्यात लंगडायला लागला. पुढचा पाय. चार दिवस लंगडला, आपोआप बरा झाला, पंधरा दिवसांनी परत. अण्णाला वाटलं बैलासारखंच असणार. आमच्या वडिलांनी बैल लंगडला की बिब्ब्याचं तेल तापवून खांद्यावर लावलेलं आम्ही दोघांनी लहानपणी पाहिलं होतं. तेच यानं केलं. बैल काही आपला खांदा चाटत बसत नाही, कुत्रा चाटतो, एवढं या शहाण्याच्या लक्षात आलं नाही. कातडीवर फोड आले, तोंड सुजलं, दोन दिवस साहेब पाण्याला तोंड लावेना. तेव्हा कुठं अण्णानं मला फोन करून सांगितलं. मी तोंडाला येईल ते बोलले त्याला.

मग गेलो जनावरांच्या दवाखान्यात, मी मुद्दाम परभणीहून आले होते. डॉक्टरीणबाई राणीसावरगावच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी पाय हातात घेतलाच नाही. म्हणाल्या, "काका, याला अंगणात चालवा." अण्णानं चालवलं. "आता पाय नका बघू, मान बघा. दुखरा पाय टेकला की मान वर जाते." आम्ही बघितलं. मान वर जात होती ती डावा पाय टेकताना. बिब्बा लावला होता उजव्याला! अण्णा खाली बघायला लागला. बाईंना हसू आवरेना, पण रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मोठ्या जातीची कुत्री भरभर वाढतात, कोपराच्या सांध्यात दोष राहतो, त्यात तुम्ही तूप चारून वजन वाढवलंय. तूप बंद, गोळ्या एवढ्या दिवस, आणि आराम. लंगडणं थांबलं म्हणजे सांधा बरा झाला असं नाही.

नेमकं तेच अण्णाच्या डोक्यात शिरेना. आठवड्यात पाय सरळ पडायला लागला की हा निघालाच त्याला घेऊन शेतात. परत लंगडा. परत दवाखाना. असं तीनदा झालं. शेवटी पोळ्याच्या सुमाराला बाई चिडल्या. "काका, तुम्ही उठता म्हणून हा उठतो. याला बसवायचं असेल तर आधी तुम्ही बसा. दोन महिने." मीही फोनवरून रेटा लावला. आणि खोटं वाटेल, अण्णा बसला. ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकली, पायाशी साहेब. भाजीवाली दारात यायला लागली, गाठीभेटी ओट्यावरच व्हायला लागल्या. मी रोज फोन करायचे आणि रोज पहिलं वाक्य ठरलेलं, "साहेबाचा पाय कसा आहे?" अण्णा सविस्तर सांगायचा. किती पावलं चालला, जिना चढू दिला नाही, वजन किती उतरलं. तू कसा आहेस, हे मी विचारल्याचं मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं.

भाऊबीजेला तो दरवर्षी परभणीला माझ्याकडं यायचा. या वेळी म्हणाला, "साहेबाला आराम सांगितलाय, सोडून कसं येऊ?" म्हणून मीच गेले. पाट मांडला तर म्हणतो, "खुर्चीतच ओवाळ मंदे. मी उठलो की हा बी उठतो." मी खुर्चीपुढं वाकून ओवाळलं. मग त्यानं मला पाणी मागितलं. अण्णानं कुणाला पाणी मागितलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, माठ चार पावलांवर होता. मी हसले. म्हटलं, "वहिनींना जे जमलं नाही ते कुत्र्यानं करून दाखवलं, बसवलं बाई तुला एकदाचं!" तोही हसला. "लय लाड करायलोय त्याचे," म्हणाला. परत येताना एसटीत मला बरं वाटत होतं. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, अण्णा सुधारला. तीच आमची शेवटची भेट. पुढचे दोन महिने नुसते फोन, आणि फोनवर तोच आराम.

चौदावा झाल्यावर प्रवीण म्हणाला, "आत्या, ब्रुनोचं काय करायचं?" त्याला पुण्याला परत जायचं होतं. मी म्हटलं, मी थांबते काही दिवस, त्याचा आराम पुरा झाला की बघू. गोळ्या किती दिवस द्यायच्या ते विचारायला दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, आराम तर दिवाळीच्या आधीच संपला. मी काकांना सांगितलं होतं, पाय चांगला झालाय, आता रोज थोडं थोडं चालवा. ...तुम्हाला बोलले नाहीत का?"

नाही बोलला. दिवाळीच्या आधी, म्हणजे मी ओवाळायला गेले त्याच्याही आधी. कुत्रा बरा होता. अण्णाला उठवत नव्हतं. कुणाच्या दारात चालत गेला नाही, माझ्याकडं आला नाही, पाणी मागितलं, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला कुत्र्याचा पाय सांगितला. मला फार राग आला. अरे माणसा, कुत्र्याला तीन-तीनदा दवाखान्यात नेलंस, स्वतःला एकदा नेता आलं नाही? रिकाम्या घरात मी मोठ्यानं बोलले हे. साहेबानं कान टवकारले, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला साखळी लावून बाहेर काढलं. बाईंनी सांगितलंय तर चालवायला हवं. साहेब गेटातून नीट निघाला, रस्ता त्यालाच ठाऊक असल्यासारखा. पंचवीस-तीस पावलं गेला असेल आणि विजेच्या डीपीच्या कट्ट्याशी मटकन बसला. मी वाकून बघितलं, परत लंगडतोय की काय. पण पाय चारही सरळ होते. जरा वेळानं स्वतःहून उठला, चालायला लागला. पुढं पिठाच्या गिरणीच्या पायरीशी परत बसला. परत उठला. मग लिंबाखालच्या दगडाशी. मी साखळी ओढली, "चल रे" म्हटलं, तर हलेना. रहीमभाई दूध घेऊन येत होते, ते थांबले. म्हणाले, "ओढू नका बाजी. उजाडायच्या आधी अण्णा त्याला फिरवायचे. दम लागायचा, बसायचे. मी इचारलं तर म्हणायचे, साहेब थकतो."

मी त्या दगडावर बसले. साहेब माझ्याकडं बघत नव्हता, रस्त्याकडं तोंड करून शांत बसला होता. माझ्या भावाला किती पावलांवर दम लागतो आणि तो भरून यायला किती वेळ जातो, हे या कुत्र्याला पक्कं ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. तेवढा वेळ झाल्यावर तो उठला, अंग झटकलं आणि निघायला म्हणून मागं वळून बघायला लागला. मला मात्र लवकर उठता आलं नाही.