पुण्यापर्यंत आलेला हादरा

संध्याकाळी चहा पिताना टेबलावरचा टांगता दिवा हलला. पंखा बंद होता, खिडक्याही लावलेल्या होत्या. मी लगेच अक्काला फोन लावला. माझी ही थोरली बहीण कोयनेकाठच्या गावी एकटी राहते.

तिथली जमीन वरचेवर थरथरते. अक्का पालथ्या तांब्यावर फुलपात्र ठेवून देते. ते नुसतं वाजलं तर ती भाकरी थापत राहते, पडलं तर अंगणात येते. ते हादरे वाटेतल्या डोंगरांतच विरतात. पुण्यात मला काही जाणवत नाही, आणि त्या न जाणवण्यालाच मी तिची खुशाली समजत आलो. आज जो इथवर येता येता एवढासा उरला, तो तिच्या उंबऱ्याशी केवढा असेल?

बऱ्याच वेळाने तिने फोन उचलला.

"अंगणात हाय रं. भिंतीला चीर गेलीया. तुला कसं कळलं?"

"इथं दिवा हलला, अक्का."

ती हसली. "तुझ्यापातूर आला व्हय? मग मोठाच म्हणायचा!"

मी वर पाहिलं. दिवा केव्हाच थांबला होता.