अन्वरभाईंच्या बेगमची लेकरं

दुबईच्या मनखूलमधली जुनी माणसं कुठेही भेटली, पुण्यात कुणाच्या लग्नात, विमानतळाच्या रांगेत, अगदी डोळ्यांच्या डॉक्टरकडेसुद्धा, की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "अन्वरभाईंच्या सापांचं पुढे काय झालं हो?" मग एक किस्सा निघतो, त्याला धरून दुसरा. असे किस्से कुणी जमवत नाही. आपण राहतो, ते साठत जातात.

अन्वरभाई परकार मूळचे रत्नागिरीचे. नव्वदच्या दशकात आम्ही जबल अलीत एकाच कंपनीत होतो, ते शिपिंगला, मी अकाउंट्सला. मनखूलमध्ये घरंही दारासमोर दार. आमचा एक इंग्रज साहेब नोकरी सोडून मायदेशी निघाला, तेव्हा त्याचे दोन पाळीव साप कुणी घेईना. अन्वरभाई म्हणाले, "ठेवतो मी चार दिवस." ते चार दिवस बारा वर्षं चालले.

साप बिनविषारी. एक नारिंगी मादी, कॉर्न स्नेक जातीची. तिचं नाव त्यांनी बेगम ठेवलं. दुसरा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा किंग स्नेक, तो सुभेदार. त्यांच्या पत्नी राबियाभाभींनी एकच अट घातली. "घरात दोन बेगम चालणार नाहीत. आजपासून मला नावानं हाक मारायची."

लग्नाला वीस वर्षं झाली होती. अन्वरभाईंनी पहिल्यांदा "राबिया" म्हटलं, ते आम्ही आमच्या दारातून ऐकलं.

*

दोघांची जोडी लावायचं ठरलं, त्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे सापांना आधी दोन-तीन महिने थंडी लागते. दुबईत थंडी कुठून आणायची? मग आतल्या खोलीत एसी फुल. भाभी कपाटातून काही काढायला गेल्या तरी स्वेटर घालून जायच्या.

दुसरी अडचण मोठी. किंग स्नेक दुसऱ्या सापांना खातो. बायको म्हणून आणलेली जेवण म्हणून संपायची! म्हणून सुभेदाराला आधी दोन दिवस पोटभर खायला घातलं. मुहूर्ताला अन्वरभाई हातात चिमटा घेऊन उभे, मी टॉवेल घेऊन. सुभेदार बेगमभोवती एकदा फिरला, कोपऱ्यात गेला आणि झोपला.

भाभी दारातून म्हणाल्या, "जेवला की झोपतो. शोभतो या घराला."

तिसऱ्या खेपेला जमलं.

*

अंड्यांतून पिल्लं निघाली, तर एक दुसऱ्यासारखं नाही. कुणी नारिंगी पट्ट्यांचं, कुणी ठिपक्यांचं, एक तर केशरभातासारखं. आता नावं काय ठेवायची?

"बापाचं नाव लावू," अन्वरभाई म्हणाले. "मोती सुभेदार."

आमची ऋचा तेव्हा चौथीत होती. ती म्हणाली, "बट अंकल, बेगम डिड ऑल द वर्क. सुभेदार जस्ट स्लेप्ट."

"पोरगी खरं बोलते," भाभी म्हणाल्या. विषय खलास. आईचं नाव लागलं. मोती बेगम. मोतीला मुलगी झाली, ती शिंपला मोती बेगम. तिची मुलगी रेती शिंपला मोती बेगम. डब्यांवर चिठ्ठ्या लिहायचं काम ऋचाकडे. रेतीची चिठ्ठी लिहून झाल्यावर ती म्हणाली, "अंकल, द नेम इज लाँगर दॅन द स्नेक."

एवढा खटाटोप कशासाठी, असं मी एकदा विचारलं. अन्वरभाई गंभीर झाले. "साठे, ही लेकरं दिसायला कुणासारखीही दिसतात. उद्या कोण तरी अस्सल जातीची म्हणून खपवील. नाव सोबत असलं, की खोटं बोलायला जड जातं." पाळायला पिल्लू नेणाऱ्याकडून ते पूर्ण नाव तोंडी म्हणवून घ्यायचे. एका पेट शॉपवाल्याने नुसतं "मोती" म्हणून टाळाटाळ केली, तर त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि त्याला चहा पाजून परत पाठवला.

*

पिल्लं वाढताना रंग बदलतात, पण पोटावरची काळीपांढरी नक्षी ओळख पटण्याइतकी टिकते. अन्वरभाईंनी त्यावर उपाय काढला. शुक्रवारच्या सुट्टीत ऑफिस रिकामं असताना एकेक पिल्लू झेरॉक्सच्या काचेवर ठेवायचं आणि पोटाची कॉपी काढायची. मी सोबतीला.

एकदा एक कागद मशीनमध्येच राहिला. शनिवारी आमचे इजिप्शियन मॅनेजर तो हातात घेऊन आले. काळेपांढरे चौकोन बघून त्यांना तो बारकोड वाटला. "हबीबी, हे कुठल्या शिपमेंटचं लेबल? स्कॅनच होत नाही!"

अन्वरभाई उभे राहिले. "सर, ती फॅमिली शिपमेंट आहे."

"आली का पण?"

"अल्हमदुलिल्ला, सगळी सुखरूप."

*

अबुधाबीच्या पार पलीकडे रुवैसच्या रिफायनरीत चिटणीस नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्याकडे असाच मिश्र जातीचा नर होता, त्याच्यासाठी रेतीला मागणी घातली. वाळवंटातून गाडी हाकत, मागच्या सीटवर डबा ठेवून आले. माझ्या बायकोने, सुलभाने, चहा-चिवडा केला. अन्वरभाईंनी मुलीच्या बापासारखी चौकशी केली. खातो काय, चावतो का, स्वभाव कसा.

"आणि आईचं नाव?"

"ते नाही माहीत. शारजात एका मित्राकडून घेतला."

अन्वरभाईंनी सापाला उलटा करून पोट पाहिलं, आतून झेरॉक्स आणला, शेजारी धरला. मग हळूच म्हणाले, "हा आमचा शंख. रेतीचा सख्खा भाऊ. माफ करा, जमायचं नाही."

चिटणीस थोडे खट्टू झाले. पण पुढे दर ईदला शंखाला घेऊन यायचे. सोयरे व्हायला आले होते, नातेवाईक होऊन बसले.

*

अन्वरभाईंच्या अम्मी एकदा व्हिजिटवर आल्या. मुलाने त्यांना एकेक डबा दाखवत पिढ्या म्हणून दाखवल्या. अम्मींनी सगळं ऐकून घेतलं.

"चांगलं पाठ हाय तुला. आता तुझ्या आज्याच्या बापाचं नाव सांग."

अन्वरभाई डब्यांवरच्या चिठ्ठ्या बघू लागले.

अम्मींनी त्यांना शेजारी बसवलं. पाच पिढ्या पाठ होईपर्यंत भाभींना ताट वाढू दिलं नाही.

*

पुढे अन्वरभाई रिटायर होऊन रत्नागिरीला गेले. बेगम आणि सुभेदार तोवर म्हातारपणाने गेले होते. बाकीचं गोकुळ अल ऐनच्या राशिद नावाच्या शाळामास्तराने घेतलं, सगळी नावं म्हणून दाखवून. ऋचाच्या कॉलेजसाठी सुलभाही पुण्याला गेली आणि मनखूलमध्ये मी एकटा उरलो. समोरच्या दारात नवीन लोक आले होते, भले होते, पण दार बंद असायचं.

त्या वर्षीच्या सुट्टीत मी रत्नागिरीला अन्वरभाईंकडे गेलो होतो. जेवताना राशिदचा फोन आला, अन्वरभाईंनी तो स्पीकरवर ठेवला. तो छान हिंदी बोलायचा. नवी पिल्लं झाली होती आणि नावं अन्वरभाईंनीच ठेवायची, असा त्याचा हट्ट होता. अन्वरभाईंनी आमच्या गोतावळ्यातली माणसं सांगायला सुरुवात केली. राबिया, सुलभा, ऋचा, चिटणीस.

"अंकल, एक आणखी आहे," राशिद म्हणाला. "कोपऱ्यात बसतो. काही खात नाही. वाचेल असं वाटत नाही."

अन्वरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या ताटातला भात तसाच होता.

"त्याचं नाव साठे," ते म्हणाले.

मी दुबईला परतलो. दोन-तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी ऑफिसातून येऊन, दिवा न लावताच बसलो होतो. फोन वाजला. रत्नागिरीहून.

"साठे, आज तू जेवलास रे."