शेवटची सोळा पानं

माझी आत्या लॉन्ड्री चालवायची. लोकांच्या खिशात काय काय सापडतं, त्यावरून तिला खुनाच्या गोष्टी सुचायच्या. त्यातल्याच एका गोष्टीची तिने कादंबरी केली. प्रकाशकांचे उंबरे झिजवायला तिला सवड नव्हती. ती सरळ छापखान्यात गेली आणि काउंटरवर, इस्त्रीच्या शर्टांशेजारी, पुस्तकांची चळत लावून मोकळी झाली.

त्यावर लेखक मंडळाचा असा तिळपापड झाला की विचारू नका! ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत हे मंडळ दर शनिवारी वाचनाला जमायचं. आत्याला तिथे एकदा तरी वाचायचं होतं, अगदी मनापासून. ती विचारायला गेली तेव्हा मी सोबत होते. अध्यक्ष म्हणाले, "बाई, आपणच छापायचं आणि आपणच लेखक म्हणून मिरवायचं, असं नसतं. आम्ही वर्षानुवर्षं नकार पचवलेत." खरं दुखणं तेच होतं. रांगेत उभं राहून ज्यांचे पाय दुखले, त्यांना बाजूच्या दाराने आत गेलेलं माणूस खपत नाही. वाचकही त्यांच्याहून कमी नव्हते. प्रकाशकाच्या जागी लॉन्ड्रीचा पत्ता दिसला की हसून पुस्तक खाली ठेवायचे. एकेकाच्या कॉलरवर गरम इस्त्री विसरावी, असं मला वाटायचं.

आत्याने मात्र मंडळातल्या प्रत्येकाच्या धुतलेल्या कपड्यांत एकेक प्रत ठेवून दिली.

मग एक दिवस दातांच्या डॉक्टरीणबाई तणतणत आल्या. "अहो, शेवट कुठाय?" बघतो तर काय, बाइंडरने शेवटच्या सोळा पानांऐवजी आधीचीच सोळा पानं पुन्हा शिवली होती. "खुनी याच खोलीत आहे," असं इन्स्पेक्टर म्हणतो आणि पुस्तक संपतं! सगळ्या प्रतींत तेच. आत्याने हातपाय गाळले. "हसं झालं गं माझं. आता तर त्यांना आयतंच निमित्त मिळालं."

छापखान्यात पडून राहिलेली शेवटची सोळा पानं मी उचलून आणली. पण हसायला कोणी आलंच नाही. आले ते विचारायला. मंडळातली माणसं स्वच्छ कपडे धुवायला टाकू लागली आणि जाता जाता, सहज म्हणून, शेवटाची चौकशी करू लागली. शेवटी अध्यक्षही आले, हातात कडक इस्त्रीचा शर्ट घेऊन.

"डाग पडलाय," ते म्हणाले. डाग कुठेच नव्हता. "आणि ते... आमच्या हिला विचारायचं होतं, खून केला कोणी?"

"वहिनींनी वाचली?"

"हो. म्हणजे... मीही वाचली. दोनदा."

आत्याचा चेहरा असा फुलला की मलाच भरून आलं. "शनिवारी सांगते," ती म्हणाली. "वरच्या खोलीत. वाचून."

अध्यक्ष शर्ट तिथेच विसरून गेले.

शनिवारी वरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यातसुद्धा माणसं बसली होती. आत्या ठसक्यात वाचत होती आणि मी बेशरमपणे एकेकाची तोंडं बघत होते. ऐन मोक्याला तिचा घसा कोरडा पडला. ती थांबली, तसे अध्यक्षच उठून पाण्याचा ग्लास घेऊन धावले.

"घ्या, बाई," ते म्हणाले, "पण लवकर प्या."